‘कुणाला सांगणार नाहीस ना?’

रात्रीची जेवणे उरकली, भांडी घासून झाली की एखादे पंधरा-सोळा वर्षांचे पोर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन रेंगाळते. फ्रिज उघडते, बंद करते. मग हळूच म्हणते, "आई, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाहीस ना?"

बहुतेक घरांत याला ठरलेले उत्तर मिळते : "नाही रे, सांग." त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. ऐकलेली गोष्ट गंभीर असेल तर आई दहा मिनिटांत कुणाला तरी फोन लावते आणि मुलाला दिलेला शब्द मोडतो. किंवा आई शब्द पाळते, आणि कुणाचा तरी जीव धोक्यात तसाच राहतो. दोन्ही वेळा मुलगा एक धडा शिकतो : पुन्हा सांगायचे नाही. किशोरवयीनांच्या आरोग्याबद्दल आपण आहार, झोप, मोबाइल, अभ्यासाचा ताण यांवर भरपूर बोलतो. पण मित्राची चूक ठाऊक असलेल्या मुलाच्या पोटात जो गोळा येतो, त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. तोही आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि अनेकदा तो एकापेक्षा जास्त जिवांचा प्रश्न असतो.

समजा, हा मुलगा चिंचवडचा आहे. अकरावीत शिकतो. पाचवीपासूनचा त्याचा जिवलग मित्र शेजारच्या सोसायटीत राहतो. मित्राचे वडील चाकणच्या कारखान्यात आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात ते कंपनीच्या बसने जातात आणि त्यांची मोटारसायकल खाली उभी असते. मित्र ती काढतो. सुरुवातीला नुसती सोसायटीला चक्कर होती, मग स्पाईन रोड सुरू झाला, मग ट्रिपल सीट. गेल्या महिन्यापासून त्यात बिअरची भर पडली. मागच्या आठवड्यात गाडी एका हातगाडीला घासून गेली. कुणाला लागले नाही. सगळे हसले. आपला हा मुलगा मागे बसला होता. तोही हसला, आणि तेव्हापासून त्याला नीट झोप नाही.

सांगितले तर मित्राच्या घरी मारहाण होणार, हे त्याला माहीत आहे. दोस्तांचा ग्रुप त्याला बाहेर काढणार, हेही माहीत आहे. आपण स्वतः मागे बसलो होतो हे उघड होणार, ही तिसरी भीती. आणि नाही सांगितले तर काय होईल, याचे चित्र त्याला रोज रात्री डोळे मिटले की दिसते. हा मुलगा काल्पनिक आहे. मात्र पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात, जिथे तीन पाळ्यांत घरे चालतात आणि जिथे दुचाकी हाच कुटुंबाचा पहिला मोठा सौदा असतो, तिथे तो कुणालाही अनोळखी वाटणार नाही.

मुलाने यात काय करावे, हा प्रश्न आपण नेहमी नीतीचा म्हणून विचारतो. खरे बोलावे की मैत्री राखावी? पण आधी हे बघायला हवे की हा पेच मुलाच्या मनात तयार कसा होतो. त्याला बऱ्याच अंशी आपणच जबाबदार आहोत. पहिली-दुसरीत बाई वर्गाबाहेर जाताना मॉनिटरला सांगतात, "बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही." तीच बाई दुपारी एखाद्या मुलीला म्हणते, "सारख्या चहाड्या काय सांगतेस?" घरात धाकट्याला विचारले जाते, "दादा क्लासला गेला होता का खरंच?" आणि तोच धाकटा आपणहून काही सांगू लागला की "चुगलखोर" ठरतो. मोठ्यांना हवे तेव्हा सांगितले तर शहाणा, नको तेव्हा सांगितले तर चहाडखोर. यातून मुलाला एवढेच कळते की सांगणे हे मोठ्यांच्या सोयीचे काम आहे. कुणाला वाचवण्याशी त्याचा काही संबंध असतो, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ सालच्या पुस्तकात मुलांच्या नैतिक समजेचा अभ्यास मांडला. त्यात त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती. वडील बाहेरगावी जाताना एका मुलाला सांगतात, भावंडांवर लक्ष ठेव आणि मी आल्यावर त्यांनी काय खोड्या केल्या ते सांग. वडील परतल्यावर त्याने सांगावे की नाही? सहा-सात वर्षांची बहुतेक मुले म्हणाली, सांगावे, कारण वडिलांनी सांगितले आहे. आठ वर्षांपुढची बहुतेक मुले म्हणाली, सांगू नये. काहींनी तर भावाला पकडून देण्यापेक्षा खोटे बोललेले बरे, असेही म्हटले. म्हणजे मुले वाढतात तशी बिघडतात, असे नव्हे. पियाजे यांच्या मते ही वाढीची खूण आहे. आज्ञेपेक्षा बरोबरीच्यांशी असलेली बांधिलकी मुलाला मोठी वाटू लागते. मित्राचे नाव न घेणारा मुलगा नीतिशून्य नसतो. त्याच्याजवळ एक नीती असते, फक्त तिला अजून दुसरी बाजू जोडायची असते.

किशोरवयात ही बांधिलकी मेंदूच्या घडणीमुळे आणखी घट्ट होते. बक्षिसाची, कौतुकाची, थराराची ओढ लावणारी मेंदूतील यंत्रणा वयात येताना जोर धरते. पण परिणामांचा हिशेब करून हात आखडता घेणारा कपाळामागचा भाग पुरता पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये ३०६ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की कुठवर रेटायची ते स्वतः ठरवायचे. एकट्याने खेळताना आणि दोस्त बघत असताना किती फरक पडतो, हे पाहायचे होते. १३ ते १६ वयाच्या मुलांनी दोस्तांसमोर जवळजवळ दुप्पट जोखीम घेतली. २४ वर्षांपुढच्यांत दोस्तांच्या हजेरीने फरक पडला नाही. म्हणजे स्पाईन रोडवर मागे बसलेले दोघे हे नुसते साक्षीदार नसतात. त्यांचे असणे, त्यांचे हसणे हे ॲक्सिलरेटरवरच्या हाताला मिळालेले बळ असते. मागे बसलेल्याला अपराधी वाटते, त्यात थोडेफार तथ्य आहे. पण याच निष्कर्षाची दुसरी बाजूही आहे : ज्याच्या हजेरीने धोका वाढतो, तो उतरून गेला तर धोका कमीही होऊ शकतो.

तीन-चार जणांना ठाऊक असूनही एकही तोंड का उघडत नाही, याचेही उत्तर जुने आहे. जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी १९६८ मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, यंत्रावरून एकमेकांशी बोलायला सांगितले. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट संपण्याआधी मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत, असे वाटणाऱ्यांत हेच प्रमाण ३१ टक्के होते. हे लोक दगडाच्या काळजाचे नव्हते. अनेक जण घामाघूम झाले होते, अस्वस्थ होते. दुसरा कुणीतरी उठेल, या आशेने बसून राहिले. दोस्तांच्या ग्रुपमध्येही प्रत्येक जण असाच बसून असतो.

चिंचवडमध्ये या पेचाला आणखी एक पदर आहे. इथली मुले शाळेला जाता-येता चापेकर चौकातून जातात. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू याच गावचे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने २० हजार रुपयांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंनी माहिती पुरवली आणि दामोदर सापडले, फाशी गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्या द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. त्यांच्या सोबत असलेला खंडो साठे कोवळ्या वयाचा होता. त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण हे मे १८९९ मध्ये फासावर चढले. ही कहाणी ऐकत वाढलेल्या मुलासाठी ‘सांगणारा’ हा शब्द साधा नाही. त्याच्यामागे ‘फितूर’ हा शब्द उभा असतो.

म्हणूनच फरक स्पष्टपणे सांगायला हवा. त्या काळी माहिती दिली गेली ती पैशांसाठी, लोकांचा विश्वास नसलेल्या परक्या सत्तेला, आणि तिचा शेवट फासात होणार हे सगळ्यांना ठाऊक होते. आपला अकरावीतला मुलगा बक्षीस मागत नाही. त्याला मित्राला फासावर द्यायचे नाही, जिवंत ठेवायचे आहे. कशासाठी सांगायचे, कुणाला सांगायचे आणि सांगितल्यावर पुढे काय होणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते सांगणे फितुरी आहे की मैत्री, हे ठरते. यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाकडे असते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र आपल्याकडे, मोठ्यांकडे असतात.

चापेकरांची गोष्ट ज्या प्लेगपासून सुरू होते, तो प्लेगच हे सर्वांत चांगले समजावतो. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत होत्या. रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, आणि सामान बाहेर काढून जाळायचे. वैद्यकीय हेतू चुकीचा नव्हता. रुग्ण वेगळा करणे हा साथ रोखण्याचा मान्य मार्ग होता. पण परिणाम उलटा झाला. लोकांनी रुग्ण लपवले. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, नातेवाइकांच्या गावी. मेलेलेही लपवले. शेजाऱ्याला माहीत असूनही शेजारी बोलला नाही, कारण सांगणे म्हणजे त्या घरावर सैनिक आणणे होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारलाच सक्ती सैल करावी लागली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सार्वजनिक आरोग्याने तेव्हापासून हा धडा पुन्हा पुन्हा गिरवला आहे. सांगण्याचे फळ शिक्षा असेल तर आजार लपतो. सांगण्याचे फळ उपचार असेल तर आजार उजेडात येतो. एचआयव्हीच्या चाचणीत समुपदेशन आणि गोपनीयता आली ती याच कारणाने, आणि २०१७ च्या कायद्याने ती गोपनीयता हक्क म्हणून दिली. मुलांच्या चुकांना हाच नियम लागू पडतो. आपल्या घरात, शाळेत, सोसायटीत एखाद्या मुलाचे नाव पुढे आले की सैनिक येतात की सावित्रीबाई, याकडे मुले फार बारकाईने पाहत असतात.

अमेरिकेत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. तिथल्या सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने २००२ साली शाळांवरील ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी आठ घटनांत हल्लेखोराच्या मनात काय आहे हे किमान एका व्यक्तीला आधीच ठाऊक होते, आणि ठाऊक असणाऱ्यांत ९३ टक्के हे मित्र, वर्गसोबती किंवा भावंडे होती. मग ती बोलली का नाहीत? २००८ मध्ये याच संस्थांनी अशा साक्षीदारांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल काढला. त्यातून पुढे आलेले कारण साधे होते. ज्यांचे शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाशी चांगले नाते होते ती मुले बोलली. सांगितल्यावर आपल्यालाच ओरडा बसेल, असे ज्यांना वाटत होते ती गप्प राहिली. आपल्याकडे बंदुका नाहीत, पण दोस्ताच्या मनात काय चालले आहे हे सर्वांत आधी दोस्तालाच कळते, ही गोष्ट इथेही तेवढीच खरी आहे.

आणि मोठ्यांची वागणूक काय शिकवते, याचा धडा आपल्या दारातच झाला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा होता. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करायला तो दोस्तांबरोबर मुंढव्याच्या पबमध्ये गेला होता. दोस्त गाडीतही होते. काही तासांत जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध, यावर देशभर संताप झाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे ते पुढेच घडले. ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आई-वडिलांना अटक झाली. गाडीतल्या इतर मुलांचे नमुनेही बदलल्याचा आरोप झाला. घरच्या चालकाला ‘मीच चालवत होतो’ असे सांगायला दबाव आणल्याचा गुन्हा नोंदला गेला. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक किशोरवयीनाने ही बातमी वाचली आहे. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणून मोठी माणसे कुठवर जाऊ शकतात, असा त्याचा अर्थ त्याने लावला असेल, तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय त्या मुलाचे वय पबच्या टेबलावर, दारात, गाडीची किल्ली हातात देताना किती मोठ्या माणसांना दिसत होते? महाराष्ट्रात बिअरसाठीही वयाची अट २१ आहे. ‘नाही’ म्हणण्याची पहिली जबाबदारी बरोबरच्या मुलांची नव्हती.

कायदा या बाबतीत आपल्या समजापेक्षा शहाणा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आले. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. चाकणला रात्रपाळी करणाऱ्या बापाला हे कुणी वेळेत सांगितले, तर ते त्या घरावर उपकारच आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यातले कलम ६४ अ सांगते की थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्य संस्थेत उपचार घ्यायला गेली, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. आणि बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी ‘पॉक्सो’ कायद्यात तर हा तोल फार स्पष्ट आहे. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, न कळवणे हा गुन्हा आहे. पण न कळवल्याबद्दलची ही शिक्षा मुलाला लागू होत नाही. सांगण्याचे ओझे कायद्याने मोठ्यांच्या खांद्यावर ठेवले आहे. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर संस्थाचालकांवर गुन्हा दाखल झाला, तोही वेळेत न कळवल्याचा.

मग त्या अकरावीतल्या मुलाने करायचे काय? सगळेच सांगायचे का? नाही. मित्राने गृहपाठ उतरवला, क्लास बुडवला, एखादी मुलगी त्याला आवडते, हे त्याचे त्याच्यापाशी. अशा गोष्टी पोटात ठेवणे हा मैत्रीचा धर्म आहे. पण गोष्ट जिवाची असेल, एखाद्याच्या शरीराला इजा होत असेल, लहान मूल त्यात सापडले असेल, कुणी जीव द्यायचे बोलत असेल, किंवा मित्राला स्वतःहून थांबणे जमत नसेल, तर ते गुपित नाही. तो आजार आहे, आणि आजार पोटात ठेवला की वाढतो. मुलाने स्वतःला एवढेच विचारावे : मी सांगतोय ते त्याला अडचणीत टाकायला की अडचणीतून काढायला?

सांगण्याचीही रीत असते. पहिल्यांदा मित्रालाच सांगावे. एकट्याला, शुद्धीवर असताना, दोस्तांसमोर नाही. "मी आता मागे बसणार नाही. तू पुन्हा काढलीस तर मी माझ्या बाबांना सांगणार. तुझ्या पाठीमागे नाही, आधी तुला सांगून." हे वाक्य म्हणायला धैर्य लागते, पण ते फितुराचे वाक्य नाही. यात धमकी नाही, लपवाछपवी नाही. ग्रुपवर फोटो-व्हिडिओ टाकून उघडे पाडणे हे मात्र सांगणे नव्हे. ती बदनामी आहे, आणि तिने कुणी सुधारत नाही. मित्र थांबला नाही, तर ज्याच्या हातात काही करण्याची ताकद आहे अशा एका मोठ्या माणसाकडे जावे. ते आई-वडीलच असले पाहिजेत असे नाही. मामा, आत्या, क्रीडाशिक्षक, समुपदेशक, सोसायटीतले विश्वासाचे एखादे काका चालतील. मारहाणीची भीती असेल तर तेही स्पष्ट सांगावे. धोका त्या क्षणी समोर असेल, कुणी बेशुद्ध पडले असेल, तर परवानगीची, चर्चेची वाट पाहू नये. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा. घरात बोलता येत नसेल तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीचा ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे. त्यावर मराठीत बोलता येते. व्यसनाच्या बाबतीत पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ काम करते आहे. मित्राला तिथपर्यंत नेणे, हा त्याच्यावर केलेला विश्वासघात होऊ शकत नाही.

आता आपली पाळी. रात्री साडेदहाला दाराशी आलेल्या त्या पोराला "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नये. तो पाळता येत नाही. त्याऐवजी म्हणावे, "तुझं नाव मध्ये येऊ नये याचा मी पुरता प्रयत्न करीन. आणि मी जे काही करीन ते आधी तुला सांगून करीन." असा शब्द पाळता येतो. ऐकून झाल्यावर पहिले वाक्य "बरं केलंस, सांगितलंस" हे असावे. "तू कशाला गेला होतास त्याच्याबरोबर?" हा प्रश्न रास्त आहे, पण तो उद्याचा आहे. आज विचारला तर आजच दार बंद होईल. मित्राच्या घरी फोन करायचाच तर रागाच्या भरात नको, आणि "आमचा सांगत होता" या शब्दांनी तर नकोच. समोरच्या बापाला कलम १९९ अ सांगा, गाडीची किल्ली रात्रपाळीला जाताना बरोबर न्यायला सांगा, मुलाला मारू नका म्हणून विनवा. त्यानंतर चार दिवसांनी आपल्या मुलाजवळ बसून पुढे काय झाले ते सांगा. सांगितलेली गोष्ट विहिरीत पडली नाही, तिचे काहीतरी झाले, हे मुलाला कळले पाहिजे. त्याला रोज "आज काय केलं रे त्याने?" असे विचारून खबऱ्या मात्र करू नये.

शाळांनाही हेच लागू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांतील तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांची सक्ती पुन्हा बजावली. भिंतीवर पेटी लावणे सोपे आहे. ती कोण उघडते, किती दिवसांनी, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखण्याचा खेळ शिक्षकांच्या खोलीत रंगतो का, यावर तिचे काम ठरते. चिठ्ठीतून नाव निघाले की त्या मुलाला प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभे करणारी शाळा दुसऱ्या चिठ्ठीची वाट पाहत बसते. दुसरी चिठ्ठी येत नाही. पालकसभेत टक्केवारीइतकाच वेळ यावर गेला पाहिजे की चुकलेल्या मुलाचे आमच्याकडे काय होते : त्याच्याशी कोण बोलते, त्याला उपचार कुठे मिळतात, त्याला शाळेत कसे टिकवले जाते. हे मुलांना आधीच ठाऊक असेल, तर सांगणाऱ्याच्या मनावरचा निम्मा भार तिथेच उतरेल.

मुलांनी धीट व्हावे, असे म्हणणे सोपे आहे. धीट मुलगाही शेवटी पाहतो की आपण मित्राला कुणाच्या हाती देत आहोत. जे हात सावरतील अशी खात्री वाटते, त्यांच्याकडेच मुले जातात. आज रात्री कुणी दाराशी येऊन रेंगाळले, फ्रिज उगाच उघडला-मिटला, तर हातातले काम ठेवा आणि खुर्ची पुढे सरकवा.